लाल मांडवातली तपासणी

बाना गोरी होत चालली होती आणि तिच्या आजीला त्याचं कोण कौतुक! "आमच्या घरात असा रंग कुणाचाच नाय," सरूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची. "निस्त्या शेळीच्या दुधावर वाढवलीया. रंग यील नाय तर काय व्हईल?"

सरूबाईचा लेक सोनाजी हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचा. पिशोरजवळच्या वस्तीवरचा हा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं हाकत डोंगराची कड सोडायची आणि मुक्काम करत करत गोदावरीच्या अंगाला, पाचोडकडच्या काळ्या रानात उतरायचं, हा त्याच्या बापापासूनचा शिरस्ता. संगं आई, बायको मंजुळा, धाकटा भाऊ कडूबा आणि चार वर्षांची बाना. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्यांची डाल आणि सगळ्यांच्या वर बाना. लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर झालेली पोर. तिच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, सोनाजी तो झेलायचा.

आणि तिचा शब्द एकच होता, "दूद." भाकर समोर धरली की तोंड फिरवायची. कालवण पुढं केलं की ताटली ढकलायची. मग सोनाजी शेळीखाली वाटी धरायचा आणि बाना ती उभ्या उभ्या घटाघटा रिकामी करायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ, मधे रडली तर मधेही. एवढं दूध पिणारं लेकरू अशक्त असेल असं कुणाच्या ध्यानीमनी कसं यावं?

माती मात्र खायची. मुक्काम पडला की ओल्या बांधाशी बसून नखांनी माती उकरायची. मंजुळा हातावर चापट मारायची, तोंडात बोट घालून माती काढायची, पण डोळा चुकवून पोर पुन्हा तिथंच. त्या वर्षी तिचं पळणंही कमी झालं होतं. कोकरांच्या मागं धावणारी बाना आता त्यांच्याकडं बघत एका जागी बसून राहायची. "लई गुणाची झाली," सरूबाई म्हणायची.

वस्ती सोडण्याआधी पिशोरच्या अंगणवाडीत नर्सबाईनं बानाला बघितलं होतं. अंगात रक्त कमी हाय म्हणाली, लोखंडाच्या औषधाची बाटली दिली, रोज पाजा म्हणाली. वाटेत मंजुळानं ते पाजायला सुरुवात केली. पोरगी तोंड वाकडं करायची, कधी ओकायची. दोन-तीन दिवसांत तिला शी झाली ती डांबरासारखी काळी. सरूबाईनं ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "पोरीचं आतडं जळालं गं! कसलं जहर दिलं त्या बाईनं!" तिनं बाटली तिथंच बांधावर उपडी केली. नर्सबाईला विचारावं तर पिशोर कधीच मागं पडलेलं.

पाचोडच्या शिवारात द्वारकाबाईचं रान होतं. मेंढरं रात्री रानात बसवायची, त्यांच्या लेंडीखतानं जमीन कसदार व्हायची आणि त्याबद्दल मालकीण धान्य द्यायची. दरवर्षीचं ठरलेलं. द्वारकाबाई पोलीस ॲक्शनच्या साली जन्मलेली, म्हणजे आता पन्नाशीला आलेली. नवरा गेल्यापासून शेती तीच बघायची. थोरला लेक रामकिसन औरंगाबादला पाटबंधारे खात्यात होता, गारखेड्यात राहायचा. बाई तोंडानं फटकळ, पण मेंढपाळाच्या पालावर येऊन जमिनीवर बसणारी.

त्या सकाळी ती पालावर आली तेव्हा बाना बांध चढून येत होती. गुडघ्याएवढा तो बांध. चढली, मधेच बसली, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली.

"सोनाजी, ही पोर हाफती काहून?"

"उन्हानं आसंल, मावशी."

"ऊन कुठंय अजून? थंडी मरंना." द्वारकाबाईनं पोरीला जवळ ओढलं, गालावर हात फिरवला. "उद्या बाजाराच्या मैदानात लेकरांची तपासणी हाय. जा घिऊन."

"आमचं नाव न्हाई इथल्या गावात. घेतील का?"

"माझं नाव सांग. न्हाई घेतलं तर मी येते."

घेतलं. मैदानात लग्नात घालतात तसला लालभडक मांडव घातलेला, त्याखाली टेबलं आणि ही एवढी लांब रांग. बाया लेकरांना कडेवर घेऊन उभ्या. टेबलामागच्या बाईला मान वर करायला सवड नव्हती. तिनं बानाच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा ठिपका एका कागदावर घेतला, शेजारच्या तांबड्या रंगांच्या पट्ट्यांशी ताडून बघितला आणि म्हणाली, "ठीक आहे. जरासं कमी. पालेभाजी द्या. पुढचं लेकरू आणा."

सोनाजीचा जीव भांड्यात पडला. त्यानं बाजारातून पोरीला शेव घेऊन दिली. तिनं हातात धरून ठेवली, खाल्ली नाही. द्वारकाबाईला त्यानं सांगितलं, "बोट टोचून बघितलं, मावशी. ठीक हाय म्हनले." द्वारकाबाई हं म्हणाली. पण जाताना पोरीकडं दोनदा वळून बघितलं तिनं.

पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी मंजुळा बानाला घेऊन मीठमिरची आणायला गेली आणि बांगड्यांच्या दुकानासमोर पोरगी बसली ती उठेना. ओठ पांढरे, छाती भात्यासारखी वरखाली, मान एका बाजूला पडलेली. मंजुळानं हंबरडा फोडला. लोक गोळा झाले. कुणी कांदा फोडला, कुणी पाणी मारलं. द्वारकाबाई बाजारातच होती. तिनं गर्दीत घुसून पोरीला उचललं आणि सरळ एसटी स्टँडचा रस्ता धरला. सोनाजी मेंढरं कडूबावर टाकून धावत आला तेव्हा गाडीत ती खिडकीशी बसलेली, मांडीवर बाना, शेजारी मंजुळा.

"मावशी, तुमी कशाला? तुमचा बाजार..."

"बाजार पुढच्या आठवड्यातबी भरंल. बस गुमान."

औरंगाबादला उतरल्यावर रिक्षानं थेट घाटी दवाखाना. पाटबंधारे खात्यात निरोप गेला तसा रामकिसनही तिथंच आला. लहान मुलांच्या वॉर्डात ज्या डॉक्टरीणबाई होत्या त्यांचं नाव काझी. चेहरा दमलेला, आवाज शांत. त्यांनी बानाच्या छातीला नळी लावली, नखं बघितली आणि मग अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

सोनाजी शेजारीच उभा होता. त्यानंही बघितलं. आत पांढरंफटक. चुन्यानं सारवल्यागत.

ही गोष्ट त्याला माहीत होती. मेंढी मागं राहायला लागली, तिच्या गळ्याखाली सूज दिसली की मेंढपाळ पहिल्यांदा तिची पापणी उलटून बघतो. लाल असली तर बरं, पांढरी असली तर जंतांनी रक्त प्यायलं. असं तो लहानपणापासून करत आलेला. आणि पोरीच्या डोळ्यांत त्यानं रोज बघितलं होतं, पापणी तेवढी कधी ओढली नव्हती.

"बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मेंढीची पापनी अशी दिसली तर आमी तिला तव्हाच बाजूला काढतो."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं बघितलं. "मग तुम्हाला मला जास्त समजवावं लागणार नाही. तेच दुखणं आहे. शरीरात लोह नाही म्हणून रक्त बनत नाही. फार खाली गेलंय."

"पर पाचोडला तर ठीक हाय म्हनले. बोट टोचून बघितलं की."

"कशावर बघितलं? कागदावर? कुठं बसून?"

"मांडवात."

"कसला मांडव?"

"लाल. लग्नातला असतो तसला."

काझीबाई मान हलवून म्हणाल्या, "लाल कापडाखाली पांढरं दूधसुद्धा गुलाबी दिसतं, भाऊ. तो ठिपका उघड्या उजेडात धरून बघायचा असतो. त्या बाईंना दोष देत नाही मी. एवढी लेकरं, सावलीला जो मांडव मिळाला तो. घाईत होतं असं. आपण नीट शिरेतून रक्त काढून बघू. सगळ्या फिकट लेकरांचं दुखणं एक नसतं. काहींच्या रक्तात जन्मापासून दोष असतो, त्यांना हे औषध चालत नाही. आधी ते कळलं पाहिजे."

तपासणी आली. जन्मजात दोष नव्हता. नुसती कमतरता, पण एवढी की या वयाला हिमोग्लोबिन अकरा तरी लागतं तिथं बानाचं चारसुद्धा नव्हतं. काळजावर ताण आलेला. थोडंसं रक्त चढवावं लागणार होतं, तेही हळूहळू, थेंबाथेंबानं.

दवाखान्याच्या रक्तपेढीतून बाटली मिळणार होती, बदल्यात घरच्या कुणीतरी रक्त द्यायचं होतं. सोनाजीला हे नीट उमगायच्या आत रामकिसननं सदऱ्याची बाही वर केली होती.

"साहेब, तुमचं रगत माझ्या पोरीला?" सोनाजीनं विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"माझं नाय हिला. हिला कुणा दुसऱ्याचं, आधीच जमा केलेलं. माझं पुढं आणखी कुणाला लागंल त्याला."

"मग हिला कुणाचं?"

"ते कुणी सांगत नसतं."

बाटलीतून एकेक थेंब पडत होता आणि सोनाजी तो बघत होता. सकाळपर्यंत पोरीच्या ओठांवर रंग उमटला. तिनं डोळे उघडले आणि आजीला हाक मारली. सोनाजी उठून व्हरांड्यात गेला. खाली रस्त्यावर माणसांची वर्दळ सुरू झाली होती. भाजीच्या गाड्यावरचा बागवान, टोपीतला म्हातारा, सायकलवर डबे अडकवून चाललेला माणूस, कॉलेजातली पोरं. यातल्या कुणाचंही असेल ते रक्त. कुणाच्या पाया पडायचं हेच ठाऊक नाही म्हटल्यावर त्यानं तिथंच उभं राहून साऱ्या रस्त्याला हात जोडले. पायरीवर चहा पीत बसलेला वॉर्डबॉय म्हणाला, "क्या हुआ मामू, किसको सलाम कर रहे?" सोनाजी म्हणाला, "सगळ्यांनाच."

बाना सावरू लागली तसं डॉक्टरीणबाईंनी एक दिवस मंजुळालाही जवळ बोलावलं आणि तिची पापणी ओढली.

"तुम्हाला धाप लागते? चक्कर येते?"

"बाईमानसाला लागतीच की धाप."

"नाही लागत. तुमचंही रक्त कमी आहे. ही पोटात असतानाही कमीच असणार. म्हणून हिची पुंजी पहिल्यापासून तुटकी राहिली. उद्यापासून तुम्हीही गोळ्या घ्यायच्या."

सोनाजी बायकोकडं बघत राहिला. डोक्यावर बिऱ्हाडाची पाटी घेऊन ती मेंढरांमागं कोसन्‌कोस चालायची, आणि धाप लागते हे त्यानं आज पहिल्यांदा ऐकलं होतं. "सांगितलं न्हाईस कधी?" तो म्हणाला. "तुमी इचारलं कव्हा?" मंजुळा म्हणाली, पण रागानं नाही.

मग दुधाचा विषय निघाला आणि सोनाजी पहिल्यांदा अडला.

"दूध कमी करायचं," काझीबाई म्हणाल्या. "दिवसाला एक वाटी, तीही जेवणानंतर बऱ्याच वेळानं. दुधात लोह जवळजवळ नसतंच. आणि दुधानं पोट भरलं की पोर भाकरी कशाला खाईल?"

"बाई, मेंढक्याच्या घरी दुधाला नाय म्हनायचं? पोराबाळांना दुसरं देतो काय आमी?"

"बोकड कापता ना कधीमधी? त्याचं काळीज कोण खातं?"

सोनाजी ओशाळला. "कडूबाला आवडतं. गडीमानूसच खातो."

"यापुढं ही खाईल आणि हिची आई खाईल. कडूबाला सांगा, डॉक्टरनं हिसकावून घेतलं." वॉर्डातल्या दोन-तीन आया हसल्या, सोनाजीही हसला. मग बाईंनी एकेक गोष्ट त्याच्याकडून वदवून घेतली. औषध लिंबाच्या पाण्यासंगं, दुधाचहासंगं नाही. दातांना डाग नको म्हणून जिभेच्या मागं सोडायचं. शी काळी झाली तरी घाबरायचं नाही. पोटात न मुरलेलं लोखंड तसंच बाहेर पडतं. जंताची गोळी द्यायची. शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, अंडं, पेरू. "आणि पोर पळायला लागली म्हणून थांबायचं नाही. रक्त भरलं तरी पुढं काही महिने. आतला साठा भरला पाहिजे."

"आमी एका गावात ऱ्हात न्हाई, बाई. बाटली सरली तर?"

"वाटेवर कुठलाही सरकारी दवाखाना लागला की रिकामी बाटली दाखवायची. हेच द्या म्हणायचं. गाव कुठलं विचारलं तर सांगा, पोरगी तर इथं उभी आहे ना?"

दवाखान्यातून सुटल्यावर चार दिवस ते द्वारकाबाईसकट गारखेड्यात रामकिसनच्या घरी राहिले. त्याची बायको आशाबाई रोज भाजी बदलून करायची आणि बानाला मांडीवर घेऊन भरवायची. पोरगी दुधासाठी आकांत करायची, ताटलीला लाथ मारायची. आशाबाई पुन्हा घास पुढं करायची. चौथ्या दिवशी दमून, रुसून, डोळ्यांत पाणी घेऊन बानानं वरणात चुरलेली चपाती गिळली. आशाबाईनं स्वयंपाकघरातून आरोळी ठोकली, "मंजुळाबाई, खाल्लं हो खाल्लं!" द्वारकाबाई, आशाबाई, मंजुळा तिघी भोवती जमल्या आणि सोनाजी ओसरीत बसून नुसता ऐकत राहिला.

पालावर परतल्यावर खरी लढाई सरूबाईशी होती. काळ्या शीचं कारण तिनं दोनदा ऐकून घेतलं. "लोखंडच हाय व्हय त्यात? मंग काळं न्हाई तर काय हिरवं पडंल?" ती स्वतःशीच पुटपुटली. आपल्याच हातानं बाटली उपडी केली होती हे तिला डाचत असावं. संध्याकाळी तिनं सुनेकडून नवी बाटली मागून घेतली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. "आता हे माझ्याकडं. तुमी दोघं मऊ काळजाची."

खरंच होतं ते. एका दुपारी बाना दुधासाठी इतकी रडली की सोनाजीचा हात आपसूक वाटीकडं गेला. सरूबाईनं पाठीमागून दरडावलं, "सोन्या! ठिव ती वाटी! परत तिला थेंबाथेंबानं रगत द्यायचंय का?" त्यानं वाटी ठेवली आणि रानात निघून गेला. परत आला तेव्हा बाना आजीजवळ बसून भाकरीला गूळ लावून चाटत होती.

मुक्काम बदलत गेले, बाटल्या बदलत गेल्या. एका गावी औषध संपलेलं होतं, तिथला कंपाउंडर म्हणाला परवा या. मेंढरं परवापर्यंत थांबणार नव्हती. मंजुळा मागं थांबली, औषध घेऊन दोन मुक्काम एकटी चालत आली. पूर्वी एवढं चालून ती आडवी व्हायची, आता आल्या आल्या चूल पेटवायला बसली. बानाचा रंग हळूहळू सावळा झाला, मातीचा नाद सुटला आणि चैत्रात ती कोकरांमागं अशी सुटली की कुत्रीसुद्धा बिचकली.

पावसाळ्याआधी परतताना वाट वाकडी करून सगळे घाटीत गेले. या खेपेला सरूबाईही होती. रक्त तपासलं. बारापर्यंत आलं होतं. काझीबाईंनी पापणी ओढून सोनाजीला म्हटलं, "तुम्हीच बघा." त्यानं वाकून बघितलं. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण वस्तीवर कुणी कुणाचे आभार मानत नसतं, त्यामुळे तसले शब्द त्याच्याजवळ नव्हते. त्यानं काखेतली घोंगडी पुढं केली. घरच्याच लोकरीची, काळी, पांढऱ्या किनारीची.

"नाही भाऊ, आम्हाला काही घेता येत नाही."

"घे गं बाई," सरूबाई मधेच म्हणाली. "ही काय बाजारची न्हाई. माझ्या हाताचं सूत हाय. तुला माय न्हाई का? मायनं दिलेलं परत करती का?"

काझीबाईंनी घोंगडी घेतली. बाहेर ऊन रणरणत होतं, पंख्याचा वारा गरम लागत होता, पण त्यांनी ती उलगडून खांद्यावर घेतली आणि तशाच पुढच्या खाटेवरच्या लेकराकडं गेल्या.

दोन वर्षांनी मंजुळाला पुन्हा दिवस गेले. तिचे आईबाप कधीच वारलेले, माहेर म्हणावं असं काही उरलं नव्हतं. पाचोडच्या रानात ही बातमी द्वारकाबाईला कळली तेव्हा तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. "बाळंतपणाला कुठं जाशील, मेंढरांमागं? गारखेड्यात जायचं. आशाबाईला सांगून ठिवते. गोळ्या चालू हायेत ना?"

"हायेत, मावशी."

"मावशी नगं म्हनू आता."

मंजुळानं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग "बरं, आई," म्हणाली. द्वारकाबाईनं घरात जाऊन नारळ आणि खण आणला आणि तिथंच, कापसाच्या ओळींमधे उभं राहून, विधवेनं ओटी भरू नये ही रीत बाजूला ठेवून तिची ओटी भरली. सोनाजी बांधावर होता. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं आणि ओटी भरून होईस्तोवर तसाच उभा राहिला.